काचेतून घरी, आणि घराबाहेरचा धूर

आमची गार्गी पोटात २९ आठवडेच राहून जन्मली. वजन ११४० ग्रॅम. आता ती चौथीत आहे, पळते, भांडते, रविवारी सकाळी लवकर उठून सगळ्यांना उठवते. पण तिच्या फुप्फुसांची गोष्ट संपलेली नाही. कमी दिवसांच्या बाळाबद्दल आपल्याकडे जे काही बोललं जातं ते ‘काचेच्या पेटीतून बाहेर कधी येणार’ इथपर्यंतच. पुढच्या वर्षांबद्दल, आणि त्यातही धुराबद्दल, मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहितेय.

माझं बीपी सातव्या महिन्यात वाढायला लागलं. पायाला सूज, डोकेदुखी, लघवीत प्रोटीन. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली आणि ‘घरी जायचं नाही’ म्हणाल्या. त्याच संध्याकाळपासून मला दंडात इंजेक्शनं सुरू झाली, डेक्सामेथासोनची, बारा-बारा तासांनी, चार. ती माझ्यासाठी नव्हतीच, पोटातल्या बाळाच्या फुप्फुसांसाठी होती. फुप्फुसातल्या बारीक फुग्यांना आतून एक पातळ, साबणासारखा थर लागतो, सरफॅक्टंट म्हणतात त्याला. तो नसेल तर श्वास सोडला की फुगे चिकटून बसतात आणि पुढचा श्वास घ्यायला बाळाला जिवाचं रान करावं लागतं. हा थर पुरेसा तयार व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. आईला ही इंजेक्शनं दिली की तो लवकर तयार व्हायला मदत होते. लिगिन्स आणि हॉवी या न्यूझीलंडच्या दोन डॉक्टरांनी हे १९७२ साली दाखवून दिलं. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचं बाळ साडेचौतीस आठवड्यांचं जन्मलं आणि दोन दिवसही जगलं नाही, ते याच कारणानं. आज साडेचौतीस आठवड्यांचं बाळ म्हटलं की डॉक्टर फारसे घाबरत नाहीत. एवढा फरक पडलाय.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या आजी मला धीर द्यायच्या, ‘सातव्यातलं जगतंय बघ, आठव्यातलं न्हाई जगत.’ त्यांचा हेतू चांगला होता. पण हे खरं नाही. पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूनंच असतो. आठवा लागलाय म्हणून कुणी घाबरू नये, आणि सातव्यातलं आहे म्हणून कुणी निर्धास्तही राहू नये.

गार्गी जन्मली तेव्हा मांजरीच्या पिल्लासारखा एक आवाज आला आणि तिला नेलं. मी बघितलं ते दुसऱ्या दिवशी, व्हीलचेअरवरून. नाकात दोन बारीक नळ्या, त्या नळ्यांचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, आणि बाटलीत सारखे बुडबुडे. त्या बुडबुड्यांच्या दाबानं फुप्फुसं मिटत नाहीत, असं सिस्टरनी सांगितलं. कॉफीतलं कॅफीन औषध म्हणून देत होते, कारण इतक्या लहान बाळांचा मेंदू श्वास घ्यायचाच विसरतो. मॉनिटर किंचाळायचा, सिस्टर तळपायावर टिचकी मारायच्या, आकडा परत वर यायचा. दूध नळीतून, आधी एक-दोन मिली. मी बाजूच्या खोलीत बसून वाटीत दूध काढायचे. थेंब थेंब. ते सांडू नये म्हणून मी ज्या पद्धतीनं ती वाटी धरून चालायचे, तसं मी आयुष्यात काही धरलेलं नाही.

मग कांगारू. मला वाटलं होतं हे काहीतरी मशीन असेल. बाळाला डायपर आणि टोपीवर आईच्या उघड्या छातीशी उभं बांधायचं, वरून कापड गुंडाळायचं, आणि आरामखुर्चीत तासन्‌तास बसायचं, बस. कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी रुग्णालयात १९७८ साली पेट्या पुरत नव्हत्या म्हणून हे सुरू झालं. पुढे असं दिसलं की या बाळांची ऊब टिकते, जंतुसंसर्ग कमी होतो, दूध वाढतं आणि मृत्यूही कमी होतात. २०२२ पासून तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते की बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्याबरोबर हे सुरू करा. माझं बीपी वर-खाली होत होतं तेव्हा सासूबाई बसल्या. त्या मोहोळ तालुक्यातल्या, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणाऱ्या. सिस्टरनी सांगितल्यावर कुणाचा विचार न करता त्यांनी चोळीची गाठ सोडली आणि नातीला उराशी घेतलं. मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ८९ वरून ९४ वर गेला आणि तिथंच राहिला. सासूबाई मला म्हणाल्या, ‘आगं, हिला माझा वास कळायलाय की.’

चार आठवड्यांनी डोळ्यांची तपासणी झाली. ही सगळ्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट आहे, कारण ही वेळ हुकली तर परत मिळत नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अर्धवट वाढलेल्या असतात आणि पुढे वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढू शकतात. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची तपासणी करायचीच असते. बाळ बाहेरून अगदी ठीक दिसतं, म्हणून लोक टाळतात. वेळेत लेसर केलं तर नजर वाचते. गार्गीला लेसर लागलं नाही, पण दर दोन आठवड्यांनी डोळ्यात थेंब घालून बघावं लागलं.

घरी सोडताना फाइल मिळाली. त्यात एक ओळ होती जिच्याकडे तेव्हा कुणाचंच लक्ष गेलं नाही: अठ्ठावीस दिवसांनंतरही ऑक्सिजन लागला. त्या ओळीचा अर्थ मला पुढे काही वर्षांनी समजला.

पहिली दोन वर्षं वय दोन तऱ्हांनी मोजायचं असतं. लसी जन्मतारखेनुसार, आणि बसणं, रांगणं, बोलणं हे बाळंतपणाच्या मूळ नियोजित तारखेपासून मोजायचं. हे न समजल्यानं घरात किती विनाकारण घोर लागला. शेजारची मुलगी चालायला लागली, आमची अजून धरून उभी. पण अडीच महिने वजा केले तर ती बरोबर होती. कानांची तपासणी झाली, लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब चालले. पहिल्या हिवाळ्यात सर्दीचं रूपांतर घरघरीत झालं आणि दवाखान्यात भरती करावी लागली. त्यातून सुटलो आणि वाटलं, सुटलो.

आता धुराकडे येते.

दिवाळी झाली की आमच्या सोलापूर जिल्ह्यात उसाचा गाळप हंगाम. रस्त्यावर बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि संध्याकाळी क्षितिजावर कुठं ना कुठं लाल उजेड. ऊस तुटल्यावर रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, राहतं, हेक्टरी आठ-दहा टन. बहुतेक जण काडी लावतात. काही ठिकाणी तोडीआधीच फड पेटवतात, कारण टोळीला तोडायला सोपं जातं. थंडीत रात्री हवा खाली बसते, वारा नसतो, आणि तो धूर वर जात नाही, गावावर पसरून राहतो. शहरात पण वेगळं काही नाही. पहाटे झाडलोट झाली की पालापाचोळ्याच्या आणि प्लास्टिकच्या ढिगाला कोपऱ्याकोपऱ्यावर आग. सोलापूर काही उगाच राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नाही. २०१९ साली तो कार्यक्रम सुरू झाला आणि ठरवलेल्या मर्यादेत हवा नसलेल्या महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये आपलं नाव आहे.

गार्गी पाच वर्षांची असताना आम्ही हंगामात गावी गेलो होतो. शेजारच्या रानात संध्याकाळी पाचट पेटलं. त्या रात्री तिचा खोकला थांबेना. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. असं दिसलं की थांबायचं नाही, निघायचं. हे मला पेटीच्या दिवसांपासून माहीत होतं. रात्रीच गाडी काढली, वाफ आणि ऑक्सिजन दिल्यावर सकाळी बरी वाटली. तिथल्या डॉक्टरांनी ‘दम्याचा ॲटॅक’ लिहिलं आणि पंप दिला. जन्म कितव्या आठवड्यात झाला हे विचारलं नाही. पुढच्या हिवाळ्यातही तसंच होत राहिलं, तेव्हा आम्ही लहान मुलांच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिलाच प्रश्न तो होता. मी फाइल उघडली आणि त्यांनी त्या विसरलेल्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी समजावलेलं मी माझ्या शब्दांत सांगते. फुप्फुसातले फुगे जन्मानंतरही वाढत असतात, बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत. आधी जन्मलेल्या बाळात ही वाढ अर्धवट असते, त्यात ऑक्सिजन आणि दाब यांचा मार बसतो. फुप्फुसं जगण्यापुरती पुरतात, पण श्वासनळ्या अरुंद राहू शकतात. माणसाच्या फुप्फुसांची ताकद विशी-पंचविशीपर्यंत वाढते आणि मग हळूहळू उतरते. उजनी पावसाळ्यात जेवढं भरलं तेवढ्यावरच पुढचा उन्हाळा काढायचा असतो, तसं हे आहे. या मुलांचं धरण शंभर टक्के भरत नाही, म्हणून ते भरायच्या वर्षांतच गळती होऊ द्यायची नाही. आणि हे दम्यासारखं दिसलं तरी दरवेळी दमाच असतो असं नाही, त्यामुळे दम्याची औषधं सगळ्यांना सारखी लागू पडतीलच असंही नाही. म्हणून जन्माचे आठवडे सांगितल्याशिवाय औषध घेऊ नये, असं मी आता प्रत्येकीला सांगते.

मग फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री. साधारण पाच-सहा वर्षांनंतर मूल ही करू शकतं. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, समोर पडद्यावर केकवरच्या मेणबत्त्या. छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात सगळं बाहेर टाकायचं, पोट आत जाईपर्यंत. गार्गीनं पहिल्यांदा गाल फुगवून फू केलं. तपासणी करणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘वाढदिवसाची फू नको बाळा, फुगा फोडायची फू पाहिजे.’ पुढच्या वेळी तिचा चेहरा लाल झाला, खांदे वर गेले, आणि शेवटच्या दोन मेणबत्त्या काही विझल्या नाहीत. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा अपेक्षित आकड्याच्या ७६ टक्के आली. साधारणपणे ८० च्या वर हवी. पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत केलं, थोडीशी वाढली. मला तो आकडा बघून रडू आलं आणि त्याच वेळी हलकंही वाटलं, कारण इतकी वर्षं जे मला तिच्या श्वासात ऐकू यायचं ते आता कागदावर होतं. ‘तू फार काळजी करतेस’ म्हणणाऱ्यांना दाखवायला काहीतरी होतं.

धुराबद्दल मला जास्त शिकवलं ते माझ्या भावानं. तो कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ राहतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिकडं पॅराडाइज नावाचं गाव वणव्यात जवळजवळ पूर्ण जळालं, ८५ माणसं गेली, आणि धूर शेकडो किलोमीटर पसरला. शाळा बंद ठेवल्या होत्या. त्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवलेलं आकाश भर दुपारी आपल्याकडच्या संध्याकाळसारखं होतं. धुरातला घातक भाग डोळ्यांना दिसतो तो नव्हे, असं तो म्हणाला. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या वीस-तीस पट लहान, ते नाकातल्या केसांना चुकवून थेट फुग्यांपर्यंत जातात, तिथून रक्तात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की चोवीस तासांची सरासरी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपल्या देशाची मर्यादा ६० आहे. म्हणजे ‘मर्यादेत’ असलेली हवासुद्धा अशा लेकराला जड असू शकते.

त्यानंच मला कॅलिफोर्नियातल्याच डेव्हिस शहरातल्या माकडांबद्दल सांगितलं. तिथल्या संशोधन केंद्रात रीसस माकडं मोकळ्या आवारात राहतात. २००८ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅलिफोर्नियात वणवे लागले आणि धूर त्या आवारावर आला. त्या वर्षी जन्मलेली पिल्लं तेव्हा जेमतेम दोन-तीन महिन्यांची होती. तीन वर्षांनी त्यांची फुप्फुसं तपासली, तर पुढच्या वर्षी जन्मलेल्या, धूर न बघितलेल्या माकडांच्या तुलनेत ती लहान आणि ताठर निघाली, रोगप्रतिकारशक्तीतही फरक होता. काही दिवसांचा धूर, आणि खूण वयात आल्यावरही. दुसरी गोष्ट पोटातल्या बाळांची. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या २००७ ते २०१२ या काळातल्या जन्मांची आणि धुराच्या दिवसांची सांगड घातली. सुमारे ७,००० पर्यंत वेळेआधीच्या बाळंतपणांचा संबंध वणव्याच्या धुराशी लागू शकतो, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे धूर बाळाला लवकर बाहेरही आणतो, आणि लवकर आलेल्या बाळाला जास्त त्रासही देतो. वणवा आणि पाचट एकच नाही, जळणारी वस्तू वेगळी, धुराचे दिवस वेगळे. पण दोन्हीकडे ओला-सुका पाला जळतो आणि दोन्हीकडे तेच बारीक कण हवेत जातात. माझ्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

धाकट्या दीरांशी बोलणं अवघड होतं. रान त्यांच्याकडे आहे, खर्चही त्यांचाच. ते म्हणाले, ‘वहिनी, आपण एकट्यानं न पेटवून काय होतंय? चहूबाजूंनी पेटतंय की.’ मी म्हटलं, ‘भाऊजी, चहूबाजूंचं चहूबाजूंना. आपल्या बांधावरचा धूर आधी आपल्या घरात येतो.’ त्यांना तिच्या फुंकरीचा कागद दाखवला. पण खरं सांगायचं तर ते पटले ते जमिनीच्या हिशोबानं. पाचट जाळलं की जमिनीला मिळणारा सेंद्रिय कर्ब जातो, वरच्या थरातले जिवाणू मरतात. तेच पाचट कुट्टी करून सरीत ठेवलं की खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर परत फुटलेल्या उसाला, ओल टिकते, तण कमी येतं, पाण्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात. आमच्याकडे पाण्याची पाळी म्हणजे काय ते सांगायला नको. पहिल्या वर्षी त्यांनी निम्म्या रानात करून बघितलं. आता सगळ्या रानात करतात, आणि शेजारच्या दोघांनी त्यांच्याकडून कुट्टीचं यंत्र भाड्यानं नेलं. सासूबाईंनी न्हाणीतली चूल काढून टाकली. सहा महिने त्या चुलीवरच्या पाण्याची चव वेगळी होती म्हणत राहिल्या, तरी काढली ती काढलीच.

शहरातल्या घरी आम्ही डासांची कॉइल आणि धूप बंद केला, उदबत्ती गॅलरीत. हिवाळ्यात पहाटे खिडक्या लावून ठेवतो, ऊन चढल्यावर उघडतो. मोबाइलवर सोलापूरच्या हवेचा आकडा बघून मगच तिला मैदानावर पाठवते. धुराच्या दिवशी एन-९५ मास्क, नाकावर नीट बसेल असा. साधा कापडी रुमाल या कणांना अडवत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला मात्र मास्क अजिबात घालू नका. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या जत्रेत आम्ही जातो, अक्षता सोहळा चुकवत नाही, पण होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम मित्राच्या गच्चीवरून, लांबून बघतो. तिला त्यात काही कमी वाटत नाही. गल्लीत कचरा पेटवतात त्याबद्दल मी झोन ऑफिसला अर्ज दिला. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आहे आणि ५,००० रुपयांचा दंड सांगितलाय, हे अर्जात लिहिलं. जाळणाऱ्या बायकांशी मात्र भांडले नाही. ढीग उचलायला गाडीच येत नाही आणि धूर सगळ्यात आधी त्यांच्याच छातीत जातो. गाडी वेळेवर यावी म्हणून आम्ही गल्लीतल्या सहा घरांनी मिळून पाठपुरावा केला, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरची आग थांबली. पुढच्या कोपऱ्यावरची अजून चालू आहे.

फुप्फुसांखेरीजही काही गोष्टी आहेत, थोडक्यात सांगते. अशा मुलांचं बीपी मोठेपणी इतरांपेक्षा थोडं जास्त राहू शकतं, म्हणून वर्षातून एकदा मोजायचं. चष्मा लवकर लागतो, गार्गीला लागला. काहींना गणितात, लक्ष टिकवण्यात अडचण येते. आळस समजून मारण्यापेक्षा लवकर तपासून घेतलं तर मदत मिळते. तिला पाढे अवघड जातात, वाचन मात्र सुसाट आहे. आणि बहुतेक मुलं चांगली वाढतात, हेही तितकंच खरं. मी हे सगळं घाबरवायला लिहीत नाहीये.

यंदाच्या हंगामाआधी गार्गीची फुंकर ८१ टक्के आली, पडद्यावरच्या सगळ्या मेणबत्त्या विझल्या. डॉक्टर म्हणाले, हंगाम संपल्यावर परत करू. शाळेच्या आरोग्य कार्डावर ‘आजार’ असा एक रकाना आहे, त्यात मी ‘जन्म २९ आठवडे, धुराचा त्रास’ असं लिहून दिलंय, आणि वर्गशिक्षिकेकडे पंप व स्पेसर (पंपाला जोडायची नळी) ठेवलाय. तुमचं मूल कमी दिवसांचं असेल तर घरी सोडतानाची फाइल जपून ठेवा, तिचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, आणि कितीही मोठं झालं तरी नव्या डॉक्टरांना पहिलं वाक्य आठवड्यांचं सांगा.